डाव्या सीटची सवय

शैलजा मगदूम यांना गाडी चालवता येत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट होतं, आणि म्हणणारी एक गाडी होती. तीही भाड्याची.

ही गाडी त्यांनी घेतली टल्सा विमानतळाजवळच्या 'प्रेअरी व्हील्स' नावाच्या कंपनीच्या आवारातून. टल्सा हे ओक्लाहोमातलं मध्यम शहर. वस्ती कोल्हापूरपेक्षा कमी, पसारा मात्र सहा-सात कोल्हापुरं आरामात मावतील एवढा. आवारात माणूस म्हणून औषधालाही नव्हता. एक उंच पडदा होता आणि तो चक्क मराठी बोलत होता.

"नमस्कार, शैलजा. आपले स्वागत आहे."

जयसिंगपुरात त्यांना नुसतं 'शैलजा' म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळं गाव मगदूम मॅडम म्हणायचं. पण तीस तासांचा प्रवास करून आलेली बाई पडद्याशी काय भांडणार? पडद्याने पासपोर्ट पाहिला, परवाना पाहिला आणि शेवटी गोड आवाजात विचारलं, "आपल्या प्रवासातून आपल्या आरोग्याची काळजी घेण्यास आम्ही मदत करू का?" खाली 'हो' आणि 'नंतर' अशी दोन बटणं होती. 'नाही' असं बटणच नव्हतं. मगदूमबाईंनी 'हो' दाबलं. तुमच्याआमच्यापैकी कुणीही तेच दाबलं असतं.

बाई आल्या होत्या लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक केतकी टल्सात विमानदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनिअर. पोर सात आठवडे आधीच जन्माला आली, पावणेदोन किलोची, आणि बाळंत होताना रक्तदाब चढून केतकीला फिट आली. जावई जयदीप वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला गेला तो व्हिसाचा शिक्का मिळेना म्हणून तिकडेच अडकून पडला होता. केतकीची गाडी गारपिटीत ठेचून गॅरेजात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे केतकीने गाडी चालवायची नाही आणि बाळाजवळ एकटीने राहायचंही नाही. पुन्हा फिट आली तर? चालकाशिवाय धावणाऱ्या टॅक्स्या शहरात होत्या, पण छातीला श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधलेल्या तान्ह्या बाळाला त्यांतून न्यायला मनाई होती. म्हणजे बाळ घरी यायचं तर घरात दुसरं धडधाकट मोठं माणूस हवं आणि त्याला गाडी चालवता यायला हवी. रुग्णालयाच्या कागदावर त्या माणसाच्या जागी शैलजा मगदूम हे नाव लिहिलेलं होतं.

आणि गाडीच्या बाबतीत या बाईंवर कुणी शंका घ्यावी? जयसिंगपूरला अठ्ठावीस वर्षं त्यांनी मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, तेही फक्त बायकांसाठी. शिक्षिका, नर्सा, साखर कारखान्यातल्या कारकून, एक सरपंच, दोन नव्वदी गाठलेल्या सासवांना दवाखान्यात नेणाऱ्या सुना. शिकवायच्या गाडीत शिकणारी बसते उजवीकडे, स्टिअरिंगपुढे. मास्तरीण बसते डावीकडे. तिच्या पायाखाली जादा क्लच आणि जादा ब्रेक असतो. अॅक्सिलरेटर नसतो. तिचे डोळे समोर असतात तेवढेच उजवीकडच्या बाईच्या हातांवर असतात, तोंड सतत चालू असतं आणि वेळ आली की उजवा हात लांब करून ती शिकणारीचं स्टिअरिंग सावरते. अठ्ठावीस वर्षं, दिवसाचे आठ तास, मगदूमबाई डाव्या सीटवर बसून हेच करत आल्या.

आणि अमेरिकेत चालक बसतो डावीकडे.

पहिल्या दिवशी त्या डाव्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला. तिथे होता रुंद ब्रेक. गाडीने जागच्या जागी गचका खाल्ला. चौक आला की उजवा हात शेजारच्या रिकाम्या सीटकडे जायचा. तोंडाने तर ऐकायचंच नाही. "आरसा बघ. सावकाश. घाबरतीस कशाला, मी आहे की." इंडिकेटर द्यायला जावं तर कडक उन्हात वायपर सुरू व्हायचे, कारण इथे त्या दोन दांड्यांची अदलाबदल.

केतकी शेजारी असली की पोट धरून हसायची. "आई, पुरे. टाके दुखतात."

"हस, हस. तुझी आई रोज हार्वर्डवरून येलला जाते, माहीत आहे का?" टल्सात खरंच त्या नावांचे रस्ते आहेत, सरळसोट, एकमेकांना समांतर, आणि केतकीच्या घरापासून रुग्णालयाला जाताना दोन्ही लागत. बाई सकाळी केतकीला घेऊन जात, दुपारी काढलेल्या दुधाच्या बाटल्या पोचवत, येताना भाजी घेत. नदीकाठच्या रस्त्याने गाडी नेली की त्यांना बरं वाटे. बुधवारी भर दुपारी वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते हे माहीत नसल्याने एकदा त्यांनी गाडी कडेला घेऊन युद्धबिद्ध सुरू झालं का म्हणून तीन जणांना विचारलं. नऊ दिवसांत गाडीला साधा ओरखडा नाही. कुणाला हॉर्न वाजवायची वेळ आली नाही.

दहाव्या दिवशी रुग्णालयाच्या समाजसेविका डेनिस व्हिटेकर यांनी दोघींना बोलावून घेतलं. चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची, मनाने वाईट नसलेली बाई. बाळाला घरी सोडायची तारीख मिळणार म्हणून मगदूमबाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या होत्या.

"मिसेस मगदूम, तुमच्याबद्दल एक आरोग्यसूचना आली आहे," डेनिस म्हणाल्या. "तुम्ही मदतनीस म्हणून नोंदलेल्या आहात, त्यामुळे ती थेट आमच्याकडे येते. 'अर्ली' या प्रणालीकडून."

'अर्ली' काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण शोध खोटा नव्हता. आपण गाडी सरळ चालवतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपला हात मिनिटाला शंभरेक वेळा स्टिअरिंग केसभर इकडे, केसभर तिकडे करत असतो. पाय पेडलवर हलका-जड होत असतो, डोळे ठरावीक क्रमाने आरशांवरून फिरत असतात. हे सगळं मेंदू आपल्याला न विचारता करतो. विस्मरणाचा आजार जडतो तेव्हा नावं-गावं विसरायला लागायच्या पाच-सात वर्षं आधी ही बारीक लय बिघडते. संशोधकांनी सतरा हजार चालकांच्या गाड्यांत संवेदक बसवून बारा वर्षं नोंदी ठेवल्या. पुढे कोण आजारी पडलं, कोण नाही, हे यंत्राला दाखवलं. यंत्र शिकलं. नुसत्या आठवडाभराच्या चालवण्यावरून ते आजाराची शक्यता सांगू लागलं, आणि पुष्कळदा ती बरोबर निघाली. मग ते भाड्याच्या गाड्यांत बसवलं गेलं. लवकर कळलं तर लवकर उपचार, यात वाईट काय?

वाईट एवढंच, की ते सतरा हजार लोक सगळे जन्मभर डावीकडे बसून गाडी चालवलेले होते. धडधाकट माणसाचा मेंदू कसा असतो हे यंत्र त्यांच्याकडून शिकलं, आणि जो तसा नाही तो आजारी, एवढाच निष्कर्ष त्याला काढता येत होता.

डेनिसनी कागद पुढे केला. शक्यता शंभरात एक्क्याण्णव. खाली नोंदी: डाव्या पायाने अकारण ब्रेक, त्रेचाळीस वेळा. कोरड्या हवेत वायपर, एकोणतीस वेळा. रिकाम्या सीटकडे हात नेणे, सतरा वेळा. अनुपस्थित व्यक्तीशी संभाषण, रोज.

मगदूमबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अनुपस्थित व्यक्ती? अहो, माझा धंदा आहे तो." त्यांनी आपल्या इंग्रजीत सगळं समजावलं. डाव्या सीटचं, जादा ब्रेकचं, बायकांचं. डेनिसनी ते लिहूनही घेतलं.

"मला पटतंय," डेनिस म्हणाल्या, "पण माझ्या पटण्याला इथे किंमत नाही."

"मग डॉक्टरांकडून तपासून घ्या. काय विचारायचं ते विचारा."

तपासणी तिथल्या तिथे झाली. घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा, पाच शब्द लक्षात ठेवा. बाईंना तिसात एकोणतीस गुण मिळाले. एक गेला तो त्या राज्याच्या राजधानीचं नाव न आल्यामुळे. कागद घेऊन त्या आल्या तर डेनिस मान हलवत होत्या.

"यानं सूचना रद्द होत नाही, मिसेस मगदूम. 'अर्ली'चं म्हणणंच असं आहे की परीक्षेत दिसण्याच्या आधी त्याला दिसतं. तुम्ही परीक्षेत पास झालात म्हणजे आजार अजून पहिल्या पायरीवर आहे, असा त्याचा अर्थ लागतो."

"आणि नापास झाले असते तर?"

नापास झालं तर आजारी, पास झालं तर लवकर सापडलेली आजारी. असल्या न्यायाला काय म्हणावं? जयसिंगपूरच्या आरटीओ कॅम्पात लायसनची चाचणी घेणारे साहेबसुद्धा याहून बरे होते. ते निदान बाईला गाडी चालवताना बघायचे.

पुढे डेनिसनी जे सांगितलं ते ऐकून केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या शुक्रवारपर्यंत घरात दुसरं पात्र माणूस दाखवता आलं नाही, तर बाळाला शहराबाहेरच्या एका सांभाळघरात ठेवावं लागेल. तीन महिने. आईने आठवड्यातून दोनदा भेटायचं.

"आणि कुटुंबाच्या निरीक्षणाचा फॉर्मही सूचनेच्या बाजूनेच जातो," डेनिस हळू आवाजात म्हणाल्या.

"कसला फॉर्म?"

केतकी खाली बघत होती. तो फॉर्म तिला परवाच फोनवर आला होता. आईला न सांगता तिने तो भरला होता. आई एकटीच बोलते का? होय. शेगडी चालू राहिली का? होय, एकदा. दिशांचा गोंधळ होतो का? होय. केतकीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी ज्या गोष्टींवर ती टाके धरून हसली होती, त्याच गोष्टींपुढे तिने एकेक खूण केली होती.

मगदूमबाईंनी फॉर्म वाचला, घडी घालून परत दिला आणि उठल्या. यंत्राचा राग आला होता तेव्हा त्या भडाभडा बोलल्या होत्या. आता त्या सरळ दाराकडे चालू लागल्या.

बाहेर गाडी सुरू होईना. पडद्यावर अक्षरं आली आणि तोच गोड आवाज म्हणाला, "नमस्कार, शैलजा. आपल्या सुरक्षेसाठी हे वाहन थांबवण्यात आले आहे. काळजी करू नका."

"तू मला नुसतं शैलजा म्हणू नकोस," मगदूमबाई गाडीला म्हणाल्या. मग त्यांना कळलं, की केतकी आपल्याकडे बघते आहे आणि मनातल्या मनात आणखी एक खूण करते आहे. त्यांनी पट्टा सोडला आणि दार उघडलं.

पुढचे दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पुण्याहून जयदीपचा फोन आला. "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण एकदा मोठ्या डॉक्टरांकडून बघून घेतलेलं बरं, नाही का?" त्याच्या आवाजातली काळजी खरी होती, म्हणूनच ती जास्त लागली. केतकी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात यायची, शेगडीच्या बटणाकडे बघायची आणि पाणी प्यायला आल्यासारखं करायची. हळूहळू बाईंनाच वाटायला लागलं, की खरंच असेल का काही? चष्मा कपाटात विसरला तरी त्या ते मनात नोंदवून ठेवायच्या. चार हजार बायकांची भीती घालवलेली ही बाई, सकाळी उठून स्वतःशी सात-सात वजा करत बसायची. हा अन्याय त्या एक्क्याण्णव आकड्याहून मोठा होता, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्रपेटीजवळ उभ्या होत्या. शहराच्या टोकाला टपालवाले स्वतःची गाडी वापरतात. एक निळी जीप आली आणि बाईंनी डोळे विस्फारून पाहिलं. जीपचं स्टिअरिंग उजवीकडे होतं.

"तुमची गाडी आमच्याकडच्यासारखी आहे," त्या न राहवून म्हणाल्या.

टपालवाली हसली. जाडजूड, पिकलेली वेणी घातलेली बाई. नाव लोरेटा हॅरिस. "खिडकीतूनच पेटीत पत्र टाकता यावं म्हणून. बावीस वर्षं उजवीकडेच बसते आहे. नेहमीच्या गाडीत बसले की आता मलाच चुकल्यासारखं होतं."

मगदूमबाई जीपच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. "तुम्ही कधी भाड्याची गाडी घेतलीत का?"

लोरेटाचं हसू मावळलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागच्या उन्हाळ्यात तिने सुट्टीला जायला गाडी घेतली होती. घरी आल्यावर पत्र आलं. अठ्ठ्याऐंशी. तेव्हापासून तिची मुलगी शॅनन आपली दोन मुलं तिच्याकडे ठेवत नव्हती. "रोज सहाशे घरांची पत्रं मी न चुकता टाकते," लोरेटा म्हणाली, "पण माझ्या मुलीला वाटतं, मी नातवंडांना दुकानात विसरून येईन. आता मलाही तसंच वाटतं. वर्ष झालं, मी त्यांना एकटीने बागेत नेलेलं नाही."

तिचा अहवाल तिच्या फोनवर होता. बाईंनी आपला आणला. दोघी रस्त्याच्या कडेच्या गवतावर बसल्या आणि मगदूमबाईंनी नव्या मुलींच्या चुका तपासाव्या तसे दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. गाडी उजव्या कडेला सरकणे. उलट्या बाजूचा आरसा आधी बघणे. दांड्यांचा गोंधळ. रिकाम्या सीटकडे हात. दोन बायका, दोन देश, आणि आजार हुबेहूब एकच. आजार असा नसतो. सवय अशी असते.

त्यांनी डेनिसना फोन लावला. "तुम्ही कुणाला पाठवू नका. स्वतः या. एक तास द्या मला."

डेनिस शनिवारी सकाळी आल्या, शाळेच्या रिकाम्या मैदानात. अर्धांगातून उठलेल्या रुग्णांची चाचणी घ्यायला रुग्णालयात 'अर्ली'चं सुटं आवरण असतं, कुठल्याही स्टिअरिंगवर चढवता येतं आणि वीस मिनिटांत ढोबळ आकडा देतं. ते त्या घेऊन आल्या होत्या. केतकीही आली, गुपचूप कडेला उभी राहिली.

आधी मगदूमबाई लोरेटाच्या जीपमध्ये उजवीकडे बसल्या. अठ्ठावीस वर्षं शिकणाऱ्यांना दिलेली ती जागा; पण स्वतःची मारुती त्या घरी-दारी याच बाजूला बसून चालवत आल्या होत्या. मैदानाबाहेरच्या रस्त्यांवरून त्यांनी वीस मिनिटं जीप फिरवली. आकडा आला चार. मग लोरेटाने डेनिसची साधी गाडी चालवली. शहाऐंशी.

"आता तुम्ही," मगदूमबाई डेनिसना म्हणाल्या.

"मी?"

"बसा की जीपमध्ये. मी शेजारी आहे."

डेनिस उजवीकडे बसल्या आणि बाई डावीकडे, आपल्या जागेवर. डेनिस पहिल्याच वळणाला कडेला चढल्या. वायपर लागले. डोळे चुकीच्या आरशात गेले. "सावकाश," बाई म्हणाल्या, "मी आहे." वीस मिनिटांनी आवरणावर आकडा उमटला. एकोणऐंशी.

डेनिसनी आवरण स्टिअरिंगवरून सोडवलं. "बरं झालं, चाचणीआधी माझं नाव टाकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी लोरेटाकडे पाहिलं. लोरेटाने नाव टाकलं होतं.

सोमवारी रुग्णालयात डेनिसच्या खोलीतल्या पडद्यावर कंपनीचा माणूस आला. त्याच्यापाशी सगळ्याला उत्तर होतं. तीन नमुन्यांवरून काही सिद्ध होत नाही. तरीही मिसेस मगदूम यांच्याबाबत 'परदेशी चालक' असा अपवाद करता येईल. सूचना मागे घेऊ. फक्त एका निवेदनावर सही हवी, की प्रणालीने आपलं काम अचूक केलं आणि हा अपवाद त्यांच्यापुरता आहे.

"आणि लोरेटा?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी स्वतंत्र अर्ज करावा. सध्या प्रतीक्षा अकरा महिने आहे."

"तिचेही आकडे तुमच्यासमोरच आहेत की."

"त्या परदेशी नाहीत, मॅडम."

मगदूमबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा कागद फाडावा आणि याच्या तोंडावर फेकावा असं त्यांना फार वाटलं. पण तो माणूस कुठे तरी दूर बसला होता आणि वरच्या मजल्यावर पावणेदोन किलोची पोर आता सव्वादोन किलोची होऊन घरी जायची वाट बघत होती. त्यांनी सही केली. इतकी वर्षं कधी खोट्या कागदावर सही केली नव्हती, एकाही बाईला न शिकवता प्रमाणपत्र दिलं नव्हतं. सही करताना त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही. "हे खोटं आहे," त्या डेनिसना म्हणाल्या, "आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे." डेनिसनी तिन्ही चाचण्यांच्या छापील प्रती न मागता त्यांच्या हातात ठेवल्या.

शुक्रवारी केतकीची गाडी गॅरेजातून आली. त्या जुन्या गाडीत 'अर्ली' नव्हतं. पोर घरी आली.

घर भरलं, पण सरळ झालं नाही. बाळाला रोज लोहाचे थेंब द्यायचे होते. बाई ड्रॉपर रेघेपर्यंत भरायच्या आणि केतकी "दे, मीच देते" म्हणून तो हातात घेऊन उजेडात धरायची. रोज. पाचव्या दिवशी बाईंनी ड्रॉपर दिला नाही.

"काय बघालीस?"

"काही नाही."

"केतकी, माझं नाव कोरं झालं. कंपनीनं कागद दिला, डेनिसनं हात हातात घेतला. तू अजून तपासतीस."

केतकी मटकन खुर्चीत बसली. "आई, मला माहीत आहे तू बरी आहेस. डोक्याला माहीत आहे. पण तो आकडा वाचला ना मी, एक्क्याण्णव. तो जातच नाही. तू जरा थांबलीस, एखादा शब्द शोधलास, की मला तोच दिसतो." ती रडत होती. "मी त्या फॉर्मवर खुणा केल्या. तुला विचारलंसुद्धा नाही गं."

"विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, मी कुणाशी बोलते ते." बाईंचा आवाज कडक होता. मायेनं मिटवून टाकावं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि त्यांनी ते मिटवलं नाही. "मला वाईट वाटलं. अजून वाटतंय. यंत्र मला ओळखत नव्हतं. तू ओळखत होतीस."

केतकीने नाक पुसलं. "लोरेटाच्या मुलीला कुणी सांगितलं का?"

"लोरेटानं सांगितलं. ती म्हणाली, आजारी माणसं असंच म्हणतात."

रविवारी दुपारी मगदूमबाईंनी गाडी काढली. मागे सीटमध्ये बाळ, बाळाशेजारी केतकी, पुढे लोरेटा, मांडीवर छापील प्रतींचं पाकीट घेऊन. शॅननचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. लोरेटा वाटेत एकदाच बोलली. डावीकडे वळा म्हणाली. घरापाशी आल्यावर ती उतरेना. अंगणात दोन सायकली आडव्या पडलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघत बसली.

बाई दार उघडून उतरायला निघाल्या. काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर मनात इंग्रजीतून घोकलं होतं. मी ड्रायव्हिंग शिकवते. तुमच्या आईला काही झालेलं नाही. बसा, मी समजावून सांगते.

"तू थांब, आई," केतकी म्हणाली. तिने बाळाला उचलून बाईंच्या मांडीवर ठेवलं, लोरेटाकडून पाकीट घेतलं आणि पोटावर हात धरून सावकाश पायऱ्या चढली.

दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. तिची नजर आधी गाडीतल्या आईवर गेली आणि चेहरा सावध झाला. मगदूमबाईंनी तो चेहरा लगेच ओळखला. गेले पंधरा दिवस तो त्यांच्याच स्वयंपाकघरात वावरत होता.

"शॅनन?" केतकी म्हणाली. "मी केतकी. गाडीत बसली आहे ती माझी आई. तिलाही तसंच पत्र आलं होतं." पाकीट तिने उघडलं नाही, छातीशी धरून ठेवलं. "यात तुझ्या आईचे आकडे आहेत, ते नंतर दाखवते. आधी मी काय केलं ते सांगते. मला एक फॉर्म आला होता, आणि मी आईला न विचारता सगळीकडे 'होय' लिहिलं."

शॅननने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मीही," ती म्हणाली.